क्युबा किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सिगारचा कारखाना बघायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियनच्या सहलीत समुद्रकिनारे सगळेच बघतात. तिथली माणसं पोटासाठी काय करतात हे बघायचं असेल, तर सिगारच्या कारखान्यात घालवलेल्या दीड-दोन तासांची बरोबरी दुसरं काही करू शकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. जायच्या आधी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आम्ही कोणीच ओढत नाही. मग कारखाना बघून काय करायचं?

उलट न ओढणाऱ्यांनी आवर्जून जावं. ओढणाऱ्याचं लक्ष शेवटी मिळणाऱ्या सिगारकडे असतं, न ओढणारा हातांकडे बघतो. शे-दीडशे माणसं लाकडी बाकांवर ओळीने बसलेली असतात. प्रत्येकासमोर एक पाट, एक अर्धगोल पातं आणि पानांचा ढीग. महागातली महाग सिगार आजही एवढ्याच सामानावर तयार होते. तंबाखू शरीराला घातक आहे, सिगारही त्याला अपवाद नाही, आणि कारखाना बघून आल्याने त्यात काही बदल होत नाही. पण त्या पानाभोवती एका बेटाचा दोनशे वर्षांचा इतिहास, संप, स्वातंत्र्यलढा आणि बायकांची कमाई गुंडाळलेली आहे. ते समजून घ्यायला धूर घ्यावा लागत नाही.

क्युबाला जावं की डोमिनिकन रिपब्लिकला?

क्युबाचं नाव मोठं आहे. तिथल्या सिगारच्या नावांपैकी पार्तागास १८४५ पासूनचं, एच. उपमान १८४४ पासूनचं, कोहिबा मात्र क्रांतीनंतरचं, १९६६ चं. हवानाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे, तिथल्या लाल मातीतलं पान जगात सर्वोत्तम मानलं जातं.

पण कारखाना नीट, शांतपणे, प्रश्न विचारत बघायचा असेल तर मी डोमिनिकन रिपब्लिकमधलं सांतियागो शहर सुचवेन. हाताने वळलेल्या सिगारच्या निर्यातीत आज हाच देश सगळ्यांत पुढे आहे. त्याचं कारणही क्युबातच सापडतं. सप्टेंबर १९६० मध्ये फिदेल कास्त्रोच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले, फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी घातली, आणि मालक, जाणकार, बियाणं असं सगळं शेजारच्या देशांत पांगलं. म्हणूनच मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ ई हुलिएता, एच. उपमान ही नावं आज दोन्हीकडे सापडतात. एक क्युबाचा सरकारी माल, दुसरा डोमिनिकनमध्ये मुख्यतः अमेरिकी बाजारासाठी बनणारा. नाव एकच असलं तरी पान, माती आणि मालक वेगळे.

क्युबात गेली काही वर्षं वीज आणि इंधनाची टंचाई फार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर देशभराची वीज एकदम गेली होती. अशा दिवसांत कारखान्याची फेरी ऐन वेळी रद्द होऊ शकते. फक्त कारखान्यासाठी हवानाला जाऊ नका. हवानासाठी हवानाला जा, कारखाना बघायला मिळाला तर उत्तमच.

हवानात नेमकं कुठे जायचं? तिकीट कुठे मिळतं?

संसदेच्या कापितोलिओ इमारतीमागे पार्तागासची जुनी वास्तू आहे. अनेक प्रवासवर्णनांत तीच कारखाना म्हणून येते. प्रत्यक्षात डागडुजीसाठी तिथलं उत्पादन दशकभरापूर्वीच दुसऱ्या इमारतीत हलवलं गेलं. त्या दारात जाऊन 'आत कारखाना आहे का' विचारलंत तर मदतीला धावून येणारा माणूस तुम्हाला भलतीकडेच नेईल.

हवानातल्या कारखान्यांच्या दारावर सहसा तिकीट मिळत नाही. मोठ्या हॉटेलांतल्या सहल-खिडक्यांवर किंवा सरकारी पर्यटन कार्यालयात ते आधी काढायचं असतं. सध्या कुठला कारखाना पाहुण्यांना घेतो हेही तिथेच कळतं, कारण ते बदलत राहतं. शनिवार-रविवार बंद. नाताळ ते नववर्षाच्या आसपास आणि उन्हाळ्यातल्या रजेच्या दिवसांत कामगारच नसतात, त्यामुळे त्या तारखा टाळा. रोख युरो जवळ ठेवा, कार्डाच्या भरवशावर राहू नका. अमेरिकी बँकेचं कार्ड तर तिथे चालतच नाही.

आमचं बुकिंग पुंता कानाला आहे. तिथेच 'सिगार फॅक्टरी' दाखवतात म्हणे?

दाखवतात. त्यातल्या बऱ्याच जागा म्हणजे दुकानं असतात. दर्शनी भागात दोन-तीन कारागीर वळत बसलेले, आणि दहा मिनिटांत तुम्ही गल्ल्यापाशी. त्या कारागिरांचं कसब खरं असतं, पण तो कारखाना नव्हे.

पुंता कानाहून साधारण तासाभरावर ला रोमाना आहे. तिथला ताबाकालेरा दे गार्सिया हा जगातल्या सर्वांत मोठ्या हातवळणीच्या कारखान्यांपैकी एक. त्याची फेरी आधी नोंदवून करता येते. दोन दिवस काढता आले तर मात्र सांतियागोच गाठा. राजधानी सांतो दोमिंगोहून चांगल्या बसने दोन-अडीच तास लागतात. १९०३ मध्ये एदुआर्दो लेओन हिमेनेस यांनी सुरू केलेला 'ला आउरोरा' हा देशातला सर्वांत जुना सिगार कारखाना तिथे पाहुण्यांचं व्यवस्थित स्वागत करतो. त्याच घराण्याने उभारलेलं सेंत्रो लेओन हे संग्रहालयही चुकवू नका. शहराबाहेर ताम्बोरिल आणि व्हिया गोन्सालेस ही गावं तर तंबाखूवरच जगतात. रस्त्याने जाताना वासावरूनच कळतं.

आत नेमकं काय काय बघायला मिळतं?

चांगली फेरी पानाच्या वाटेने पुढे सरकते. वाटाड्याने तुम्हाला थेट वळणाऱ्यांच्या दालनात नेलं, तर 'आधीच्या खोल्या दाखवा' असं सरळ सांगा.

पहिली खोली पान भिजवण्याची. वर्ष-दोन वर्षं आंबवून मुरवलेलं पान गाठोड्यांतून येतं तेव्हा कोरडं, हात लावला की तुटेल असं असतं. त्यावर पाण्याचा तुषार मारतात, पान झटकतात, टांगून ठेवतात. थोड्या वेळाने ते हातरुमालासारखं मऊ होतं. पुढच्या खोलीत बहुतेक बायका असतात. मांडीवर किंवा फळीवर पान पसरून त्या मधली जाड शीर एका झटक्यात ओढून काढतात, पानाचे दोन सारखे भाग होतात. मग आकार आणि रंग बघून गठ्ठे लावायचे.

मिश्रणाची खोली बहुतेक ठिकाणी लांबूनच दाखवतात. सिगारच्या पोटात वेगवेगळ्या जातीची पानं असतात. रोपाच्या खालच्या भागातलं पान हलकं आणि नीट जळणारं, मधलं सुवासाचं, आणि शेंड्याकडचं, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं पान जाड आणि कडक. कुठलं किती घ्यायचं हे कारखान्याचं गुपित. वळणाऱ्याला रोज सकाळी मोजून वाटा मिळतो, स्वतःच्या मनाने तो त्यात बदल करू शकत नाही.

मग येतं मुख्य दालन. क्युबात त्याला 'गालेरा' म्हणतात. वळणारा पोटातली पानं हातात गोळा करतो. ती नुसती गुंडाळत नाही, घड्या घालत रचतो, म्हणजे मधून हवा जायला वाट राहते. घट्ट झाली तर सिगार ओढलीच जात नाही, सैल झाली तर भसाभसा जळते. त्यावर एक मजबूत पान बांधून लाकडी साच्यात दाबायचं. दाबून निघाली की सर्वांत वरचं, रेशमासारखं पान तिरकं कापून टोकापासून टोकापर्यंत चढवायचं. तोंडाकडच्या टोकाला पानाचीच टोपी बसवताना वनस्पतीचा बोटभर डिंक लागतो, बाकी चिकटवायला काही नाही. अर्धगोल पात्याला 'चावेता' म्हणतात. त्याला मूठ नसते. तेच कापतं, तेच सपाट बाजूने दाबतं.

क्युबात एक सिगार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस वळतो. डोमिनिकनमध्ये बऱ्याच कारखान्यांत जोडी असते, एक आतला गाभा बांधतो आणि दुसरी वरचं पान चढवते. कोणती पद्धत श्रेष्ठ यावर दोन्ही देशांत वाद आहे. मला जोडीचं काम बघायला जास्त आवडतं. शेजारी बसलेल्या दोघांच्या हातांची लय जुळलेली दिसते.

शेवटी रंगांची खोली, आणि इथे घाई करू नका. वरच्या पानाच्या रंगछटांप्रमाणे सिगार वेगळ्या काढतात. छटा साठाच्या वर जातात असं तिथले लोक सांगतात. एका खोक्यात डावीकडे सर्वांत गडद आणि उजवीकडे सर्वांत फिकी, अशी चढती-उतरती रांग लावतात. एकदा जागा ठरली की कागदी पट्टी चढवणारी बाई प्रत्येक सिगार उचलते, पट्टी लावते आणि तिच्याच जागी परत ठेवते.

एक कामगार दिवसाला किती सिगार वळतो?

आकारावर अवलंबून आहे. मध्यम, सरळ आकाराच्या सुमारे शंभर. दोन्हीकडे निमुळत्या, अवघड आकाराच्या त्याहून बऱ्याच कमी. क्युबात नवख्याला साधारण नऊ महिने कारखान्याच्या शाळेत शिकावं लागतं, आणि त्यानंतरही मोठे आकार हातात यायला वर्षं जातात. पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधून त्या तपासायला जातात. वजन, लांबी, जाडी, आणि यंत्रावर हवा ओढून आतली वाट मोकळी आहे का, हे सगळं बघतात. नापास झालेल्यांचा हिशेब वळणाऱ्याच्या नावावर लागतो. म्हणून बाकापाशी उभं राहून फार वेळ गप्पा मारू नका.

कोणीतरी उंचावर बसून कामगारांना पुस्तक वाचून दाखवतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हवानाच्या कारखान्यात बघण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला दुसरी वाटत नाही. या वाचकाला 'लेक्तोर' म्हणतात. १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात ही प्रथा सुरू झाली. कामगार सातुर्निनो मार्तिनेस यांनी त्याच वर्षी 'ला आउरोरा' नावाचं कामगारांचं वर्तमानपत्र काढलं होतं. बहुसंख्य कामगारांना वाचता येत नव्हतं, पण हात गुंतलेले असले तरी कान मोकळे होते. त्यांनी आपापल्या मजुरीतून वर्गणी काढून वाचक नेमला. काय वाचायचं हेही तेच ठरवत, कादंबरी निवडायला मतदान होई. वर्षभरात स्पॅनिश सत्तेने वाचनावर बंदी घातली. कामगार ऐकून ऐकून शहाणे होत होते, याची ती पावतीच म्हणायची.

प्रथा संपली नाही, उलट स्थलांतर करणाऱ्या कामगारांबरोबर फ्लोरिडातल्या टॅम्पापर्यंत गेली. क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती यांनी नोव्हेंबर १८९१ मध्ये टॅम्पाच्या क्युबन सिगार कामगारांसमोर भाषणं केली, आणि क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा आणि माणसं याच वस्त्यांतून मिळाली. टॅम्पातल्या मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना हटवलं तेव्हा कामगार संपावर गेले. पुढे तिथे वाचकाची जागा रेडिओने घेतली. क्युबात मात्र वाचन टिकलं, आणि २०१२ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी असा साधारण क्रम असतो. मॉन्टेक्रिस्टो हे नावही अलेक्झांडर ड्युमाच्या कादंबरीवरून आलं, ती कामगारांची आवडती होती म्हणून. वाचन आवडलं की कामगार टाळ्या वाजवत नाहीत, पातं पाटावर आपटतात.

केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांमध्येही एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचं, अशी रीत होती. वाचणाऱ्याच्या वाटणीच्या विड्या इतर जण वळून देत. दोन समुद्र ओलांडून एकाच कामातून एकच रीत उगवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडच्या विडी कारखान्यासारखंच आहे का हे?

हाताचं काम, पान, तंबाखू, नगावर मजुरी, बायकांची मोठी संख्या, इथपर्यंत साम्य आहे. सोलापूर किंवा सिन्नरच्या कोणालाही ते दालन परकं वाटणार नाही. निपाणीच्या वखारीत वाढलेल्याला तर वाससुद्धा ओळखीचा वाटेल.

फरक कामाच्या जागेचा आहे. सिगार कारखान्यात सगळे एका छताखाली बसतात, म्हणून तिथे वाचक आला, संघटना आली, संप झाले. आपल्याकडे १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा झाल्यावर अनेक मालकांनी जबाबदारी टाळण्यासाठी काम घराघरांत वाटलं. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी न्यायचा, विड्या वळून आणायच्या, छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली तर नुकसान बाईचं. तरीही सोलापूरच्या विडी कामगार बायका एकत्र आल्या आणि लढून त्यांनी कुंभारीला हजारो घरांची वसाहत मिळवली. कारखाना बघायला जाताना ही माहिती मनात असेल, तर तुमचे प्रश्न वेगळे होतील. मजुरी कशी ठरते, नापास मालाचे पैसे कापतात का, वयस्कर झाल्यावर काय, हे विचारा. लोक मनापासून उत्तर देतात.

आणि हे रोप मुळात त्यांच्याकडचंच. कोलंबसच्या दोन माणसांनी १४९२ च्या नोव्हेंबरमध्ये क्युबातल्या मूळ रहिवाशांना तंबाखू ओढताना पाहिलं. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग याला तो विजापुरात मिळाला. तिथून त्याने तो दरबारात नेला.

फोटो काढू देतात का?

क्युबात बहुतेक कारखान्यांत नाही. पिशव्या आणि कॅमेरेही बाहेर ठेवायला लावतात. डोमिनिकनमध्ये सहसा देतात, फक्त मिश्रणाच्या खोलीत नाही. परवानगी असली तरी माणसाच्या चेहऱ्याचा फोटो विचारूनच काढा.

लहान मुलं, दम्याचे रुग्ण, गरोदर बायका?

गरोदर बाईने आणि दमा असलेल्याने जाऊ नये. हवेत तंबाखूची बारीक धूळ असते, आणि पान आंबवण्याच्या खोलीत अमोनियाने डोळे झोंबतात. बऱ्याच ठिकाणी कामगार कामावरच सिगार ओढतात. लहान मुलांना अनेक कारखाने घेतच नाहीत.

शेतही बघायचं असेल तर?

मग महिना जपून निवडा. रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतात, पानांची तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत गेलात तर उभं पीक आणि सुकवण्याची घरं दोन्ही दिसतात. हवानाहून सुमारे १८० किलोमीटरवर व्हिन्यालेसचं खोरं आहे, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीतलं. सपाट शेतांतून चुनखडीचे डोंगर सरळसोट उभे राहिलेले दिसतात. पिकाचा फार मोठा भाग सरकारला द्यावा लागतो, थोडा शेतकऱ्याकडे राहतो. तो आपल्या ओसरीत बसून बिनपट्टीची सिगार वळून दाखवतो. सप्टेंबर २०२२ मधल्या इयान वादळाने या प्रांतातली सुकवण्याची हजारो घरं जमीनदोस्त केली. कोणी त्याबद्दल बोलू लागलं तर ऐकून घ्या.

कारखान्यातल्या कोणी हळूच सिगार विकायला काढली तर?

नको म्हणा. तो माल बाहेर काढलेला असतो आणि सापडला तर त्याची नोकरी जाते. कसब आवडलं असेल तर फेरी संपल्यावर उघडपणे बक्षिसी द्या.

रस्त्यावर भेटणारा 'आज सहकारी संस्थेचा सवलतीचा दिवस आहे' असं सांगेल. असा दिवस नसतो. काचेच्या झाकणाच्या खोक्यातली कोहिबा हमखास बनावट. अस्सल खोक्यावर हिरवी-पांढरी सरकारी हमीपट्टी असते, आणि तळाला हाताने पूर्ण बनवल्याचा भाजून उठवलेला शिक्का. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, त्यामुळे हवानात ती स्वस्त मिळते ही समजूतही आता सोडून द्या.

व्हिसाचं काय? अमेरिकेतून जाता येईल का?

भारतीय पासपोर्टवर क्युबाला व्हिसा लागतो. डोमिनिकनलाही लागतो, मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर तिथे सूट मिळते. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना निव्वळ पर्यटनासाठी क्युबाला जाता येत नाही. ठरलेल्या परवानगी-गटांपैकी एकात बसावं लागतं. सप्टेंबर २०२० पासून क्युबन सिगार अमेरिकेत आणायला मनाई आहे, आणि मायामीत विमान बदलून मुंबईला येणाऱ्यालाही ती लागू होते. ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट असलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावं की क्युबाला जाऊन आल्यावर अमेरिकेची ऑनलाइन प्रवेश-परवानगी चालत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो.

शाकाहारी जेवण मिळेल का?

भात, काळा घेवडा, तळलेली कच्ची केळी, अवोकाडो मिळतं. घेवड्यात डुकराची चरबी नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारा.

परत येताना किती सिगार आणता येतात? त्या इथे टिकतात का?

भारतात शुल्काशिवाय २५ सिगारपर्यंत आणता येतात. जास्त असतील तर जाहीर करून शुल्क भरायचं. क्युबातून निघताना २० पर्यंत सुट्ट्या चालतात, त्याहून जास्त असतील तर मूळ सीलबंद खोकं हवं. पावती मात्र कायम जवळ ठेवा.

कारखान्यात सिगार १६ ते १८ अंश तापमानात आणि ६५ ते ७० टक्के दमटपणात ठेवतात. मुंबईच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते, नागपूरच्या मे महिन्यात ती वाळून फुटते. उष्णतेत आणखी एक धोका म्हणजे तंबाखूतला बारीक किडा, तो अंड्यातून बाहेर पडला की पानाला टाचणीएवढी भोकं पाडतो. भेट द्यायला आणल्या असतील तर हवाबंद डब्यात, दमटपणा राखणाऱ्या पुडीसकट, घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवा आणि लवकर पोहोचवा. फ्रिजमध्ये उघड्या ठेवू नका, दोन दिवसांत कोरड्या पडतील आणि लसणाचा वास घेतील.